आई-बाबांना अस्सल चिनी जेवायला न्यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून कॅलिफोर्नियात, फ्रीमॉंटला येतायत आणि त्यांना इथल्या अस्सल चिनी रेस्टॉरंटमध्ये न्यायचंय. बाबा चिकन-मासे खातात, बीफ-पोर्क नको. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. घरी सगळ्यांना मंचुरियन आणि हक्का नूडल्स प्रिय. आईची उपासमार न होता हे जमेल का?

जमेल, आणि चांगलं जमेल. फक्त 'चायनीज खायला जाऊ' एवढंच ठरवून घराबाहेर पडू नका. कुठल्या प्रांताचं खायचं ते आधी ठरवा. कोल्हापुरी खानावळीत तिसऱ्यांचं सुकं मागितलं तर एखाद वेळी मिळेलही, पण तो त्या आचाऱ्याचा हातखंडा नव्हे. इथेही तसंच आहे. मिलपिटास, क्युपर्टिनो, फ्रीमॉंट या पट्ट्यात सिचुआन, कॅंटन, शांघाय, शिआन, ईशान्येकडचं दोंगबेई असं सगळं मिळतं. पाटीवर किंवा मेनूच्या पहिल्या पानावर प्रांताचं नाव असेल आणि मेनू आटोपशीर असेल, तर मी डोळे मिटून आत जाते. एकाच मेनूत जपानी सुशी, थायलंडचं पॅड थाई आणि अमेरिकी ऑरेंज चिकन दिसलं की परत फिरते. मंचुरियन मात्र कुठेच मागू नका. त्याचं श्रेय नेल्सन वांग या आचाऱ्याला दिलं जातं, १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबातलं. चीनमध्ये तो पदार्थ नाहीच.

साताऱ्याच्या जिभेला पहिल्या भेटीत सिचुआन सगळ्यात जवळचं वाटेल. आपल्या शेजवान सॉसमध्ये जे बहुधा नसतंच, ते तिथल्या जेवणाचं मर्म आहे: हुआजिआओ, म्हणजे सिचुआन मिरी. ही काळ्या मिरीची नातलग नव्हे, आपल्या तिरफळाची. कोकणात, गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडतं ते तिरफळ आणि ही मिरी एकाच वनस्पतिकुळातल्या, एकाच प्रजातीसमूहातल्या. दोन्हींचं काळं बी टाकून द्यायचं आणि टरफल वापरायचं. फरक प्रमाणाचा. आमटीत आपण मोजकी तिरफळं ठेचून टाकतो, सिचुआनी आचारी मूठभर मिरी तेलात परततो. मग ओठांना मुंग्या येतात, जीभ बधिरते आणि त्या बधिरपणातून मिरचीचा तिखटपणा वेगळाच लागतो. बाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर काहीतरी बाधलं असं वाटायचं. अमेरिकेत १९६८ ते २००५ या काळात या मिरीच्या आयातीवर बंदी होती, कारण लिंबूवर्गीय झाडांचा कॅंकर रोग तिच्यातून पसरेल अशी भीती होती. इथली जुनी चिनी रेस्टॉरंटं गोडमिट्ट आणि मिळमिळीत का वाटतात, त्याची बरीच कारणं आहेत. त्यातलं एक हे.

बाबांसाठी तिथे दोन पदार्थ. 'लाझजी', म्हणजे सुक्या लाल मिरच्यांच्या ढिगात लपलेले चिकनचे कुरकुरीत तुकडे. मिरच्या खायच्या नसतात. चॉपस्टिकने उकरून चिकन शोधायचं आणि ढीग ताटात तसाच सोडायचा. दुसरा 'श्वेझू यू', माशाचे पातळ काप असलेला मोठा वाडगा. वर बोटभर लाल तेल तरंगतं. आपल्या सवयीने ते कोणी वाटीत घेऊन भातावर ओतेल, त्याला थांबवा. ते तेल मासा शिजवायला आणि गरम ठेवायला असतं. मासा निथळून घ्यायचा, खालचे मोड आणि कोबी काढून खायचे.

आता आईचं. तिच्यासाठी सर्वांत जास्त तयारी लागते. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. भाजी शाकाहारीच समजली जाते, पण तिच्यात चमचाभर पोर्कचा खिमा चवीपुरता असतो, कोंबडीचा स्टॉक असतो, ऑयस्टर सॉस असतो, सुकी कोळंबी असते. वांग्याचा 'यूश्यांग' प्रकार घ्या, नावाचा अर्थ 'माशाच्या वासाचं'. त्यात मासा मुळीच नसतो, पण खिमा बहुतेक वेळा असतो. सुक्या परतलेल्या फरसबीचं तेच. मापो टोफू, म्हणजे झणझणीत रश्श्यातलं सोयाचं पनीर, तर मूळचा सिचुआनमधल्या चेंगदूचा, खिम्याशिवाय होतच नाही असं कित्येक आचारी मानतात, तरी विनंती केली तर बिनखिम्याचा करून देतात. म्हणून फोनवर चिनीत पूर्ण वाक्य लिहून ठेवा: मांस नको, मासे-कोळंबी नको, अंडं नको, मांसाचा स्टॉक नको, चरबी नको, ऑयस्टर सॉस नको. ते वाक्य ऑर्डर देण्याआधी दाखवा. वेटर ते घेऊन आत जाऊन विचारून आला, तर समजा योग्य ठिकाणी आलात.

आईला काय आवडेल? बटाट्याच्या काडेपेटीच्या काड्यांएवढ्या बारीक सळया, पाण्यात धुऊन पिष्ट काढलेल्या, प्रचंड आचेवर मिनिटभर परतून व्हिनेगर आणि सुकी मिरची घातलेल्या. पहिला घास घेतल्यावर आई म्हणेल, बटाटा कच्चा राहिलाय. राहिलेला नाही, तो कुरकुरीतच हवा. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ती गंमत कळते. मग दोंगबेईची 'दि सान शियान': बटाटा, वांगं, ढोबळी मिरची तळून सोया-लसणात घोळवलेली. आमच्याकडे सासूबाई ती पोळीशी खातात. ठेचलेल्या काकडीची थंड डिश, आणि लसणावर परतलेली मटारच्या वेलीची कोवळी पानं. एवढ्यात आईचं पोट भरतं, आणि बाकीचेही तिच्याच ताटलीवर हात मारतात.

मागवण्याची पद्धत आपल्याला सोपी जावी, कारण सगळं मध्ये ठेवून वाटूनच खायचं असतं. तरी बरेच जण प्रत्येकी एक पदार्थ मागवतात आणि टेबलावर पाच तळलेल्या, लाल रश्श्याच्या गोष्टी जमतात. माणशी एक पदार्थ हे माप ठीक आहे, पण ते एकमेकांपेक्षा वेगळे हवेत: एक थंड, एक झणझणीत, एक सौम्य, एक हिरवी भाजी. सोबत साधा पांढरा भात. फ्राईड राईस पोटभरीचा म्हणून मागवला की बाकीच्यांची चव मरते.

सौम्य पदार्थ हवा तर कॅंटनी जागी अख्खा वाफवलेला मासा घ्या. आलं, पातीचा कांदा, वरून धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल आणि पातळ सोया. टाकीतला जिवंत मासा असेल तर भाव वजनावर असतो, ऑर्डर देण्याआधी किंमत विचारा. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. ताट आलं की माशाचं तोंड मानाच्या माणसाकडे करतात. बाबांकडे वळवा. वेटरच्या ते लक्षात येईल, बाबांना तर येईलच.

सकाळच्या डिमसमला, म्हणजे चहासोबतच्या छोट्या-छोट्या पदार्थांच्या कॅंटनी न्याहारीला, मात्र आईला नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुळ्याच्या वड्यांत सुकी कोळंबी आणि सॉसेज, कमळाच्या पानातल्या भातात मांस, एग टार्टमध्ये अंडं, कित्येक पारींच्या पिठात डुकराची चरबी. ती चहा पीत बसेल आणि सगळ्यांना अपराधी वाटेल. हीच मजा हवी तर बौद्ध शाकाहारी रेस्टॉरंट शोधा. तिथे मांस तर नसतंच, परंपरेने कांदा-लसूणही नसतो. सोया, ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) आणि मशरूमचे पदार्थ हुबेहूब बदक किंवा माशासारखे दिसतात, हे आईला आधी सांगा. ताट समोर आल्यावर सांगितलं तर घास उतरणार नाही.

हॉटपॉटचं, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात आपापलं शिजवून खायचं, कोणीतरी नक्की सुचवेल. चोंगचिंग पद्धतीच्या लाल रश्श्यात परंपरेने बीफची चरबी असते, तेव्हा तुमच्या घरात तो कोणालाच चालणार नाही. मधे पडदी असलेलं भांडं मिळतं, तरी दोन्हींत एकच डाव फिरतो. माणशी वेगळं छोटं भांडं देणारी जागा निवडा, आईला मशरूमचं किंवा टोमॅटोचं पाणी घ्या आणि ते मांसाच्या स्टॉकवर नाही ना, एवढं विचारून घ्या.

शनिवारी जाणार असाल तर सहाच्या आत पोचा. साडेसहानंतर गोल टेबल मिळायला ताटकळावं लागतं, आणि आई-बाबा जेट लॅगमध्ये असतील.