ओठाचे ऑपरेशन, हृदयाची तपासणी आणि एका आईची खरी भीती

दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या पालकांशी बोलण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि या काळात एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकत आले आहे : "मॅडम, ऑपरेशन ओठाचं आहे ना? मग हृदयाची टूडी इको कशाला सांगितली? अजून काही आहे का, जे आम्हाला सांगत नाही तुम्ही?" या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर पाच मिनिटांत देता येते. मात्र ते नीट समजल्यावरही काही आया तपासणीची तारीख पुढे ढकलत राहतात, आणि अशा वेळी त्यांची भीती हृदयाच्या आजाराची नसून वेगळ्याच गोष्टीची असते, असा माझा अनुभव आहे. एका आईच्या निमित्ताने ती मला सर्वांत स्पष्ट दिसली. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि अनेक भेटींतले बोलणे थोडक्यात आणले आहे. तारखांना मात्र या गोष्टीत महत्त्व असल्यामुळे त्या तशाच ठेवल्या आहेत.

आधी वैद्यकीय उत्तर. गर्भाचा चेहरा आणि हृदय साधारण एकाच काळात घडत असतात. गर्भधारणेपासून सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत वरचा ओठ जुळतो, आठव्या आठवड्याच्या अखेरीस हृदयाची मुख्य रचना तयार होते आणि टाळू त्यानंतर काही आठवड्यांत मिटतो. चेहरा घडवणाऱ्या पेशींचा जो समूह आहे, त्याच समूहातल्या काही पेशी हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुळाशी जाऊन पोहोचतात. त्यामुळे ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या बाळांमध्ये हृदयदोषाचे प्रमाण इतर बाळांपेक्षा जास्त आढळते. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर ही शक्यता कमी असते, टाळू दुभंगलेला असेल तर अधिक, आणि कान, डोळे, हातपाय यांतही काही वेगळेपण असेल तर आणखी अधिक. तरीही बहुतेक बाळांचे हृदय तपासणीत निर्दोष निघते. भूल देण्यापूर्वी ही माहिती हाताशी असावी, एवढाच डॉक्टरांचा हेतू असतो. कोणी काही लपवत नसते. टूडी इको म्हणजे छातीवर जेल लावून केलेली सोनोग्राफी; तिच्यात सुई नाही, वेदना नाही आणि क्ष-किरणही नाहीत.

हे सगळे मी त्या आईलाही सांगितले होते. तिचे बाळ जानेवारी २०२३ मध्ये जन्मले होते, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले. ती माझ्याकडे आली तेव्हा बाळ अडीच महिन्यांचे होते, वजन साडेतीन किलोच्या पुढे सरकत नव्हते आणि इकोची तारीख दोनदा चुकली होती. एकदा पाहुणे आले म्हणून, एकदा बाळाला सर्दी झाली म्हणून. सोबत सासूबाई होत्या. ती काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "ग्रहणात विळीवर कांदा चिरला हिनं. मी सांगत होते, गप बसून राहा. ऐकलं नाही, त्याचं हे असं झालं."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. माणसाला घटनेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, त्या घटनेबद्दल तो स्वतःला जे बजावत राहतो ते खचवते, ही या पद्धतीचे जनक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची शिकवण मी रोज खरी ठरताना पाहते. घरच्यांची श्रद्धा खोडून काढण्याची घाई मी करत नाही. त्या दिवशी मी फक्त भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून समोर ठेवले आणि विचारले, "आजी, ग्रहण कधी होतं?"

"दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे २५ ऑक्टोबर २०२२. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात सूर्य ग्रस्त असतानाच मावळला होता. आम्ही तिघींनी मिळून दिवस मोजले. ग्रहणाच्या दिवशी तिला सातवा महिना लागलेला होता. बाळाचा ओठ जो काही जुळायचा तो जूनमध्ये, पालख्या निघण्याच्या सुमारास जुळून होतो. हृदयाची मुख्य रचना जून संपेपर्यंत पुरी होते आणि टाळूही श्रावण लागायच्या आत मिटतो. दिवाळीत चिरलेल्या कांद्याचा जूनमधल्या ओठाशी संबंध लागणे शक्यच नव्हते. सासूबाई बराच वेळ कॅलेंडरकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आधीच झालेलं होतं?" ग्रहणाबद्दल अशा रीतीने पुष्कळ कुटुंबांशी बोलताना मला हे दिसले आहे की तारखा त्यांनी स्वतः मोजल्या की वाद घालावा लागत नाही.

परंतु आईचा चेहरा उजळला नाही. तिने हळूच विचारले, "मग जूनमध्ये माझं काय चुकलं?"

इथे नवख्या समुपदेशकाची फसगत होण्याची शक्यता असते, कारण आपण एक गैरसमज दूर केला असे त्याला वाटते आणि अपराधभाव मात्र मुक्काम हलवून दुसऱ्याच महिन्यात जाऊन बसलेला असतो. बहुतेक बाळांत ओठ दुभंगण्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. जनुके आणि गर्भाभोवतालची परिस्थिती या दोन्हींचा त्यात वाटा असतो, आणि आपण गरोदर आहोत हे पुष्कळ बायकांना कळते तोपर्यंत ओठ जुळण्याचे काम सुरूही झालेले असते. हे मी तिला सांगितले, पण त्यावर थांबले नाही. मी विषय बदलून विचारले, "बाळ दूध कसं पितं, ते मला सगळं सांगा."

ती सांगू लागली. बाळाला उभे धरून ती बोंडल्याने दूध पाजत असे. चार घोट घेतले की ते दमायचे, श्वास भरभर चालायचा, थांबावे लागायचे. "आणि कपाळाला घाम येतो, मॅडम. पंख्याखालीसुद्धा. माझा पदर ओला होतो, एवढा."

"डॉक्टरांना सांगितलं हे?"

"नाही."

"का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग सासूबाईंकडे न पाहता म्हणाली, "सांगितलं तर तपासणी करतील. काही निघालं तर घरात म्हणतील, ओठ फाडला तो फाडला, लेकराचं काळीजही हिनंच फाडलं."

तिच्या मनात इको ही बाळाची तपासणी नव्हतीच. ती तिच्यावरच्या आरोपाची दुसरी सुनावणी होती, आणि आई म्हणून तिला तिथे हजर राहायचे नव्हते. त्या दिवसापासून मी तपासणी टाळणाऱ्या प्रत्येक आईला एक प्रश्न आवर्जून विचारते : "रिपोर्टमध्ये काही निघालं, तर तुम्हाला कोण काय म्हणेल?" उत्तर येते तेव्हा अडलेली गाठ कुठे आहे ते दिसते. मी तिला म्हणाले, "घाम फक्त तुम्ही पाहिला आहे. हॉस्पिटलात बाळ दहा मिनिटं असतं, तुमच्या मांडीवर दिवसभर. डॉक्टरांना आज ज्याची सर्वांत जास्त गरज आहे, ते तुमच्याजवळ आहे." सासूबाई उठल्या आणि बाळाला घेत म्हणाल्या, "चल, आत्ताच विचारू, आज होते का ती तपासणी."

इकोमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मध्यम आकाराचे छिद्र निघाले. औषधे सुरू झाली, दुधाची ताकद वाढवली, वजन हळूहळू वाढू लागले आणि ओठाचे ऑपरेशन हृदयरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांच्या संमतीने काही महिने उशिरा, पण व्यवस्थित पार पडले.

"जन्मल्यावर तर डॉक्टर ठीक म्हणाले होते," असे पालक मला वारंवार सांगतात, आणि ते खरेच असते. जन्मानंतर पहिले काही आठवडे फुफ्फुसांतला दाब जास्त असल्यामुळे अशा छिद्रातून फारसे रक्त वाहत नाही; तो दाब उतरत जातो तसा प्रवाह वाढतो, आणि घाम, धाप व वजन न वाढणे ही लक्षणे बहुधा महिना-दीड महिन्यानंतर दिसू लागतात. त्यात बाळाचा टाळू दुभंगलेला असला की दूध न पिण्याचा सगळा दोष टाळूवर जातो आणि हृदयाकडे कोणाचे लक्ष जात नाही. टाळूमुळे दूध नाकातून येते, पिण्याला वेळ लागतो, पोटात हवा जाते. पण पिताना कपाळाला घाम येणे, बरगड्यांखाली खळगा पडेल असा भरभर श्वास आणि चार घोटांत दमणे ही हृदयाची बाजू असू शकते, हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. जीभ किंवा ओठ निळसर दिसले तर तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ऑपरेशनच्या वेळेबद्दलही घाई नको. ओठासाठी बाळ दहा आठवड्यांचे, साधारण साडेचार किलोचे आणि हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असलेले असावे, हा जुना नियम आजही उपयोगी पडतो. टाळूचे ऑपरेशन बहुधा वर्षाच्या आसपास होते. हृदय आधी की ओठ आधी, हे दोषाच्या आकारावर ठरते आणि ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. टाळूबरोबर हृदयदोष असेल, विशेषतः कॅल्शियम कमी होऊन झटके येत असतील, तर बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळाला आहे का, याची तपासणी करण्याविषयी विचारावे. बाळ मोठे झाल्यावर दातांची निगा राखणे हेही हृदयाच्या काळजीचेच काम आहे, कारण किडलेल्या दातांतले जंतू रक्तावाटे हृदयाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचू शकतात.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ-टाळू आणि जन्मजात हृदयदोष दोन्ही येतात. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या पथकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करावी.

ती आई अलीकडे नवऱ्याला घेऊन दुसऱ्या बाळाबद्दल विचारायला आली होती. बाळाची गुणसूत्रांची तपासणी निर्दोष आली होती. अशा घरात पुढच्या बाळाला हाच त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, पण साधारण शंभरात तीन ते पाच एवढीच असते. मी दोघांना सांगितले की फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत सुरू करायची आणि अठरा ते बावीस आठवड्यांत सोनोग्राफीबरोबरच गर्भाच्या हृदयाची इकोही करून घ्यायची. तिने पर्समधून वही काढली आणि ते आठवडे स्वतःच लिहून घेतले.