सीटी स्कॅनच्या व्हॉल्यूम रेंडरिंगमध्ये (स्कॅनपासून बनवलेल्या त्रिमितीय चित्रात) हाडांभोवती धुकं दिसतं. ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे मूल्यावरून रंग आणि अपारदर्शकता ठरवणारा नियम, कसं बसवावं?

रंगांना आधी हात लावू नका, धुकं अपारदर्शकतेमुळे येतंय. हाउन्सफील्ड या सीटीच्या घनता-मोजपट्टीवर हवा −१०००, चरबी साधारण −१००, पाणी ०, स्नायू ५० च्या आसपास आणि घट्ट हाड ३०० च्या बरंच पुढे. तुम्ही शून्यापासूनच हलकी चढण दिली असणार. चित्र काढताना प्रत्येक किरणावर ठराविक अंतराने मूल्यं वाचली जातात, ते नमुने. प्रत्येक नमुन्याला ०.०१ एवढी किरकोळ अपारदर्शकता दिली, तरी स्नायूतून जाणाऱ्या किरणावर १०० नमुन्यांत ती ६३ टक्क्यांवर जाते. म्हणून १५० च्या खाली सरळ शून्य ठेवा आणि २०० ते ३५० मध्ये चढवा.

एवढ्याने बहुतेकांचं भागतं. अडतं ते सायनसपाशी: हवा आणि हाड यांच्या सीमेवरच्या व्हॉक्सेलमध्ये (त्रिमितीय पिक्सेलमध्ये) दोन्हींची सरासरी होते, आणि आकडा नेमका स्नायूसारखा येतो. तिथे ग्रेडियंटचं परिमाण, म्हणजे मूल्य किती झपाट्याने बदलतं ते, हा दुसरा अक्ष घ्या. किंडलमन आणि डर्किन या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं तसं, मूल्य-ग्रेडियंट हिस्टोग्रामवर पदार्थांमधल्या सीमा कमानीसारख्या उमटतात. हवी ती कमान निवडायची. कॉन्ट्रास्ट दिलेली रक्तवाहिनी आणि सच्छिद्र हाड मात्र यानेही खात्रीने वेगळे होत नाहीत. तिथे स्लायडर ओढत बसण्यापेक्षा सेगमेंटेशन करा, म्हणजे तो भाग वेगळा आखून घ्या.

नमुन्यांमधलं अंतर बदललंत तर अपारदर्शकताही त्यानुसार दुरुस्त करा, नाहीतर चित्र जास्त दाट किंवा फिकं दिसेल. आणि हे आकडे एमआरआयला लावू नका, तिथे अशी ठरलेली मोजपट्टीच नसते.