नवऱ्याच्या व्हिसावर मला काम करता येईल का?

प्रश्न : मी अमेरिकेत एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर आहे, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. पुण्याच्या जुन्या कंपनीचं काम इथून ऑनलाइन करून पगार भारतातल्या खात्यात घेतला तर चालेल ना? भाऊही इथेच कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस संपवतोय. त्याने कामाच्या परवान्याचा अर्ज कधी करावा?

उत्तर : नका करू. ‘पगार तिकडे, मग इकडच्यांना काय त्याचं?’ हे मी कितीदा तरी ऐकलंय! पैसे कुठेही जमा होवोत, काम तुम्ही अमेरिकेत बसून करता. पुढे ग्रीनकार्डाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं.

आज संध्याकाळी नवऱ्याला एवढंच विचारा, आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीनकार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झालाय का? झाला असेल तर आय-७६५ हा फॉर्म भरून तुम्हाला स्वतःचा कामाचा परवाना मागता येतो. २०१५ पासून ही सोय आहे. मिळाला की कुठेही नोकरी करा, हवा तर व्यवसाय. फक्त नूतनीकरण वेळेत करा. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, म्हणजे परवान्याच्या कार्डाची मुदत संपली की काम बंद. कंपनीने ग्रीनकार्डाची फाइलच उघडली नसेल, तर नवऱ्याने एचआरच्या मागे लागावं. (एल-१वाल्यांच्या, म्हणजे कंपनीने बदलीवर इथे पाठवलेल्यांच्या, जोडीदारांना वेगळा परवाना लागत नाही. तुमच्या बाबतीत नियम कडक आहेत, खरं.)

भावाला ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज शिक्षणक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. त्याने तो तेव्हाच करावा. शिक्षणक्रम संपल्यानंतरही ६० दिवस मुदत असते, पण तेवढं ताणू नये. १२ महिने मिळतात, त्यात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. त्याच्या विषयाला आणखी २४ महिने मिळू शकतात, मात्र कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का, हे तपासण्याच्या सरकारी व्यवस्थेत) नोंदलेली हवी. मुलाखतीतच विचारून घ्यायला सांगा.