२०१३ सालचा घरचा कॉम्प्युटर इतका हळू का झालाय? नवा न घेता तो नीट होईल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१३ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि वर विंडोज १०. चालू व्हायला आठ-दहा मिनिटं, क्रोम उघडायला आणखी दोन. मध्यंतरी फॉरमॅट मारून घेतलात, महिनाभर बरा चालला, मग पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, ‘यात आता काही राहिलं नाही, नवाच घ्या.’

मी घरचे आणि शाळांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तुमच्यासारखी मशीनं सतत हाताखालून जातात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं मशीन टाकून देण्याच्या लायकीचं अजिबात वाटत नाही. पण एक रुपयाही खर्च करण्याआधी दुखणं नक्की कुठे आहे ते बघून घ्या. ते घरबसल्या, फुकट बघता येतं.

कॉम्प्युटर चालू करा आणि डेस्कटॉप दिसल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या टॅबवर जाऊन दहा मिनिटं नुसतं बघत बसा, बाकी काही उघडू नका. माझा अंदाज असा की सीपीयू २०-३० टक्क्यांवर असेल, मेमरी ७० टक्क्यांच्या वर आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटलेली. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय, डिस्ककडून माहिती कधी येते याची वाट बघत.

हार्ड डिस्क इतकी अडते कुठे, हे समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. तिच्या आत चकती फिरते, डेस्कटॉपमध्ये साधारणपणे मिनिटाला ७२०० फेऱ्या. म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि हेडला योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९. एक छोटी फाइल शोधायला असे १२-१३ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम ८० फाइली होतात. आता समजा, विंडोज, अँटिव्हायरस, अपडेट आणि क्रोम मिळून चालू होताना अशा २० हजार ठिकाणांहून माहिती मागतात. २० हजार भागिले ८० म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटांच्या वर. एसएसडी म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम दर वेळी सुमारे ०.१ मिलिसेकंदात होतं. सगळे मिळून दोन सेकंद.

मग २०१३ मध्ये हीच डिस्क असताना मशीन पळत कसं होतं? तेव्हा तिच्याकडे मागणी कमी होती. त्या काळी बहुतेक घरांत विंडोज ७ होतं. विंडोज १० पाठीमागे बरंच काही करत राहतं: अपडेट उतरवणं, फाइलींची सूची बनवणं, व्हायरस तपासणं. प्रिंटरचं सॉफ्टवेअर, मोबाइलचं सॉफ्टवेअर, मीटिंगची अ‍ॅप्स, सगळी न विचारता स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. वेबसाइटही जड झाल्या. ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ढकलतं, म्हणजे रॅमची टंचाईसुद्धा शेवटी त्याच डिस्कच्या माथी येते. शिवाय डिस्क भरत जाते तशी माहिती चकतीच्या आतल्या बाजूला लिहिली जाते आणि आतल्या पट्ट्यांचा वेग बाहेरच्यांच्या साधारण निम्मा असतो. फॉरमॅटनंतर महिनाभर बरं वाटलं त्याचं कारण हेच. पसारा गेला होता, डिस्क तीच होती.

प्रोसेसर वयाने दमत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या, त्यांवरच्या सुरक्षा उपायांमुळे तुमच्या पिढीच्या चिपचा थोडा वेग कमी झाला, हे खरं. पण त्यामुळे दहा मिनिटं लागत नाहीत. प्रोसेसर खरोखर हळू पडतो तो तापल्यावर. पंख्याखाली धुळीचा थर बसलेला असतो आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. काम काही चालू नसताना तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर ७०-८० अंश दाखवत असेल तर वायर काढा, डबा उघडा, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारा आणि पेस्ट नवी लावून घ्या. हे काम एसएसडी बसवतानाच उरकता येतं.

आता आधी फुकटचे उपाय. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जे ओळखीचं आहे आणि रोज लागत नाही ते डिसेबल करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. ‘पीसी फास्ट करा’ म्हणणारे क्लीनर आणि बूस्टर काढून टाका. ते स्वतःच दिवसभर चालू राहतात आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ केल्याने वेग वाढत नाही. क्रोममधली अनोळखी एक्स्टेन्शनं उडवा. आणि आठवड्यातून एकदा तरी शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टीमचा गाभा पुसला जात नाही, तसाच डिस्कवर जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्येच तो नव्याने सुरू होतो.

एवढ्याने दहाची सहा मिनिटं होतील. त्यापुढे डिस्क बदलावी लागेल, त्याला पर्याय नाही.

२४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच वायरने जोडायची. थेट बोर्डात खोचायची एम-डॉट-टू प्रकारची घेऊ नका, तुमच्या बोर्डावर तिला जागाच नाही. कोणी म्हणेल, ‘एच-६१ बोर्डावर साटा जुनं, सेकंदाला ३ गिगाबिटचं, मग एसएसडीचा काय फायदा?’ ऐकू नका. मोठी फाइल कॉपी करताना वेग अडीचशे-पावणेतीनशे एमबीला अडेल, हे बरोबर. पण तुमचं दुखणं हजारो छोट्या फाइलींचं आहे आणि तिथला १२ मिलिसेकंदांवरून ०.१ वर येण्याचा फायदा जुन्या बोर्डावरही पुरेपूर मिळतो.

दुसरी गोष्ट रॅम. एच-६१ बोर्डांवर बहुधा डीडीआर-३ चे दोन स्लॉट असतात. एक रिकामा असेल तर ४ जीबीची आणखी एक कांडी लावा. जुन्या मशीनमधून काढलेली चालते, फक्त दुकानातच लावून तपासून घ्या. कांडी काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलकेच पुसा. कोकणासारख्या दमट हवेत यांच्यावर थर चढतो आणि मशीन मध्येच अडकतं. आणि एक तपासा: सेटिंगमध्ये सिस्टीम ३२-बिट दाखवतेय का? तसं असेल तर ३-सव्वातीन जीबीच्या पुढची रॅम वापरलीच जाणार नाही. नवं विंडोज ६४-बिटच टाकायला सांगा.

पैसे कमी असतील तर आधी एसएसडी, रॅम नंतर. उलटं करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क हळू असणं वेगळं आणि मरायला टेकलेली असणं वेगळं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कखाली ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ असतो. तो कामाच्या वेळी शंभर मिलिसेकंदांच्या आत राहिला तर ठीक. सतत पाचशे, हजार, दोन हजार दिसत असेल, किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. त्यात ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांची मोजणी) यांच्यापुढे पिवळा ठिपका आला असेल तर बाकी सगळं थांबवा. फॉरमॅट नको, डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) तर नकोच. फोटो, कागदपत्रं, मुलांचे व्हिडिओ आधी दुसऱ्या ठिकाणी हलवा. वीज वारंवार जाते तिथे यूपीएस नसलेल्या घरांत अशा डिस्क मी फार बघितल्या आहेत. नवा कॉम्प्युटर कधीही मिळतो, लग्नाचे आणि आजी-आजोबांचे फोटो मिळत नाहीत. म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डिस्क निरोगी असेल तर एसएसडीवर विंडोज नव्याने टाकणं मला क्लोनपेक्षा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा, बरं वाटतं. वर्षानुवर्षांचा कचरा मागेच राहतो. तुमचं विंडोज १० मूळ, डिजिटल लायसन्सचं असेल तर ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं. डिस्क बदलल्यावर ते इंटरनेटवर आपोआप ओळखलं जातं. दुकानात क्रॅक केलेलं विंडोज टाकून घेऊ नका. अशा अ‍ॅक्टिव्हेटरसाठी बहुतेक वेळा डिफेंडर बंद करावा लागतो आणि त्याच वाटेने आत शिरलेले प्रोग्राम मग तुमचाच प्रोसेसर वापरत राहतात.

विंडोजचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे तुमचं मशीन त्यात बसत नाही. ब्राउझर, यूट्यूब, मेल, मुलांचा अभ्यास, पत्रं टाइप करणं एवढंच असेल तर मी लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम सुचवेन. ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर ते तुमच्या आय-थ्रीवर छान चालतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, लिब्रेऑफिसही आहे. पेनड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं. पण घरात कोणी टॅली किंवा श्रीलिपी वापरत असेल तर ती विंडोजचीच आहेत, तिथे मिंटचा आग्रह धरणार नाही.

नवा घ्या असं मी कधी म्हणेन? मशीन कोअर टू ड्युओचं आणि डीडीआर-२ रॅमचं असेल, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील, किंवा व्हिडिओ एडिटिंगचं काम असेल तर. तुमचं तसं नाही.

दुकानात द्यायचं ठरवलंत तर कॉम्प्युटर पाठवण्याआधी डेटाची एक प्रत घरी ठेवा, एसएसडीची पावती वॉरंटीसह घ्या आणि काढलेली जुनी हार्ड डिस्क न विसरता परत मागा. त्यात तुमच्या आधार-पॅनचे स्कॅन आणि सेव्ह केलेले पासवर्ड असतात. निरोगी निघाली तर तीच आत दुसरी डिस्क म्हणून जोडून घ्या, फोटो-व्हिडिओ ठेवायला ५०० जीबी जागा मिळेल.