फुलं सुकली, आता कंद सांभाळा

ट्युलिप किंवा डॅफोडिलचा बहर ओसरला की पानं छाटून वाफा साफ करावासा वाटतो. कृपा करून ते करू नका. सुकलेलं फूल तेवढं त्याच्या मागच्या फुगीर भागासकट खुडा, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात जाणार नाही. हिरवा दांडा राहू द्या.

पानं मात्र किमान ६ आठवडे जपायची. पुढच्या वर्षीच्या फुलांची शिदोरी तीच कंदात भरतात. दिसायला बरं म्हणून मी एकदा डॅफोडिलच्या पानांच्या गाठी मारल्या होत्या. पुढच्या वसंतात बहुतेक कंदांना नुसती पानंच आली, आणि फार वाईट वाटलं. पानं मोकळी, उन्हात हवीत. ती हिरवी आहेत तोवर माती कोरडी पडली तर पाणी द्या, पिवळी पडू लागली की हात आखडता घ्या. खत द्यायचंच तर पोटॅशचं, नत्र कमी असलेलं.

पान हलक्या ओढीनं सुटून आलं की ट्युलिप उकरून काढा. कंद अंगठ्यानं दाबून बघा: चांगला कंद टणक आणि हाताला जड लागतो. मऊ, बुरशी आलेला टाकून द्या. बाकीचे माती झटकून जाळीच्या पिशवीत, कोरड्या हवेशीर सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घाम धरून कुजतात.

डॅफोडिल वर्षानुवर्षं जागेवर राहतात. दाटी होऊन फुलं कमी झाली तरच काढा, आणि सहज सुटतील तेवढेच कंद वेगळे करा. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, त्याच्या कंदानं खाज सुटते.