जायकवाडी राहू दे, आधी बंधारे पाहा

चि. नव्या अभियंत्यास,
अनेक आशीर्वाद.

जायकवाडीला माशांसाठी जिना बांधायचा तुझा आराखडा पाहिला. रेखाटनं सुबक आहेत, पण तूर्त ती कपाटात ठेव. धरणाची उंची साधारण 41 मीटर. उड्या मारणाऱ्या सामन माशाला 30 सेंटीमीटरची पायरी चालते. आपला शिवडा, वाम तळालगत रेटत जाणारे, त्यांना त्याच्या निम्मी धर. पावणेतीनशे पायऱ्या होतात! आणि एवढं चढून मासा पोचणार कुठे, तर नाथसागराच्या साचलेल्या पाण्यात, जिथे पुढची वाट दाखवणारा प्रवाहच नाही.

पूर्णा, दुधना, सिंदफण्यावरचे कोल्हापुरी बंधारे बघ. त्यांची दारं पावसाळा सरताना बसवायची आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढायची, असा नियमच आहे. दारं खरोखर निघाली तर चढणीच्या माशाला वाट आपोआप मिळते, एक रुपयाचं काँक्रीट न ओतता. पण दारं गंजून अडकतात, नाहीतर गावच काढू देत नाही. गावाला नावं ठेवू नकोस. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते पाहिलेला माणूस जूनमध्ये दार उघडायला धजेल कसा? त्यांच्याशी माशाचं बोलूच नकोस, गाळाचं बोल. पहिल्या पुराचा गढूळ लोंढा निघून गेला तर बंधारा गाळानं कमी भरतो, हे शेतकऱ्याला लगेच पटतं. सगळी नको, काठाकडची दोन दारं तेवढी माग.

नांदेड जिल्ह्यात गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याला जरूर जा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार तिथले दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात. भांडण दोन राज्यांच्या पाण्याचं, वाट मोकळी झाली माशांची. तेवढ्या काळात वर काय चढतं, याची नोंद ठेवणं हाच तुझा पहिला अभ्यास असू दे.

काठाकडची दारं का, ते भोयांना विचार. पहिल्या पुरात ते जाळं मधल्या धारेत टाकत नाहीत. बाजूच्या भिंतीलगत पाणी जरा सैल पडतं, तिथे मासे तोंड प्रवाहाकडे करून थव्यानं थांबलेले असतात, मधूनच एखादा काँक्रीटवर धडकून मागे येतो. उद्या माशांना चढायला दगडांचा उतार रचायची वेळ आली तर त्याचं तोंड तिथेच हवं; चार हात दूर गेलं तर माशाला सापडत नाही. जगभर कितीतरी जिने याच पायी वाया गेलेत.

आणि मे महिन्यात, पात्र कोरडं असताना, टेप घेऊन ॲप्रनच्या, म्हणजे बंधाऱ्याखालच्या काँक्रीटच्या फरशीच्या, खालच्या टोकाशी उतर. पुरानं तिथली माती खरवडून नेलेली असते, त्यामुळे नकाशात सपाट दिसणाऱ्या जागी कमरेएवढी पायरी पडलेली सापडेल. ती तशीच राहिली तर दारं काढूनही मासा खालीच अडकतो. प्रत्येक बंधाऱ्याचं ते माप मला पाठव. दगड किती ब्रास लागेल ते मग बसून काढू.

तुझा,
काका