मुलाचा ताबा माझ्याकडे आहे. ऑपरेशनसाठी आठवडाभर दवाखान्यात राहावं लागेल. तेवढे दिवस मुलाला माझ्या आईकडे ठेवलं तर चालेल का, की वडिलांकडेच द्यावं लागेल?

ताई, आधी कौटुंबिक न्यायालयाचा आदेश किंवा संमतीपत्र काढून नीट वाचा. अशा वेळी मूल दुसऱ्या पालकाकडे द्यावं असं त्यात लिहिलं असेल तर तेच पाळावं लागेल. तसं काही नसेल, तर चार दिवस आजीकडे ठेवल्याने तुमचा ताबा जात नाही. वडिलांच्या भेटीचे दिवस मात्र चुकवू नका.

त्यांना व्हॉट्सॲपवर लेखी कळवा: तारखा, आजीचा पत्ता, फोन. लपवलेली गोष्ट पुढे कोर्टात फार महाग पडते. वडील रोज भेटणारे, प्रेमाने करणारे असतील आणि मूल तिथे रमत असेल, तर मी त्यांनाच आधी विचारेन. आजारपणात आई दिसत नाही तेव्हा मुलाला बाबा हवे असतात. मारहाणीचा इतिहास असेल तर गोष्ट वेगळी. आधी वकिलांशी बोला.

शाळेला पत्र द्या, मुलाला न्यायला कोण येणार त्याचं नाव आणि फोटो जोडून. औषधं, आधारची प्रत आजीकडे ठेवा.

दीर्घकाळाचा प्रश्न असेल तर लक्षात घ्या, आजी-मामांचा हक्क पालकाइतका नसतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आई गेल्यावर मावशी-मामांकडे वाढणारी लहान मुलगी वडिलांकडे सोपवली होती. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली आजी अर्ज करू शकते, पण तिथेही मुलाचं हितच पाहतात.